गोठणीची हजेरी

सोमवार, २४ जानेवारी २०२२

हरणाबाई, तुझे गुडघे कसे आहेत? उंबरा उतरताना अजून 'आई गं' म्हणतेस का? मायाची बारावी कशी चालली आहे, की नात तुझी अजून फोनवरच शाळा शिकते? तिचे डोळे दुखायचे, ते राहिले का? लेकीचं ऑपरेशन झालं त्याला आता दोन वर्षं होतील, जड उचलते का ती? जावयाची कंबर? शेळ्या किती उरल्या, आणि ती कानफाटी शेळी आहे की गेली? सगळ्यांचं विचारून झालं. आता तुझं. तू कशी आहेस?

इकडं माझी साखर पाळण्यासारखी, वर जाते, खाली येते. आमच्या ह्यांची तब्येत दगडासारखी. शहात्तर झाली, दात सगळे स्वतःचे. जरा हेकटपणा वाढला आहे, एवढंच.

बातमी अशी की सात मार्चपासून गोठण पुन्हा उघडायची. सरपंच हंबीरराव आज म्हणाले, "आक्का, किल्ली तुमच्याकडंच हाय न्हवं?" मी व्हय म्हटलं. पण तुझ्या हातच्या आमटीवाचून गोठण कशी उघडू? मागचं मनात धरू नको; पंचायतीनं हुकूम काढला, हरणा, माझा इलाज नव्हता. ये. नाही तर नुसतं लिही तरी. तुझी, मंगल.

(इथवर पत्र. मी पत्र आधी असं वहीत उतरवते. मला अक्षर आलं ते चाळिशी उलटल्यावर, पोरांच्या पाट्या गिरवून; म्हणून खाडाखोड इथं करायची नि नीट झालेलं पाकिटात घालायचं. हे सातवं पत्र. सहांचं उत्तर नाही. फोन लावला तर माया उचलते, "आजी शेतात हाय," म्हणते. मागून हरणाच्या खोकण्याचा आवाज येतो.)

गुरुवार, २७ जानेवारी

कुलूप गंजून एकजीव झालेलं. प्रांजलनं त्यात खोबरेल सोडलं, दगडानं ठोकलं, तेव्हा कुठं उघडलं. प्रांजल म्हणजे पंचायतीनं नेमलेली नवी मुलगी. समाजकार्याचं शिकून आली आहे. बोलते भरभर, पण हाताला उरक आहे.

आत पाऊल टाकलं आणि आंबूस वास आला. हा हॉल मूळचा दूध डेअरीचा. डेअरी आष्ट्याच्या रस्त्याला गेली त्याला वीस वर्षं झाली, भिंती अजून विसरल्या नाहीत. भिंतीवर दोन रेघा आहेत. वरची एकोणीस सालच्या महापुराची, खालची गेल्या जुलैतली. पोरांची उंची मापून खडूनं खुणा केल्या होत्या, त्या जुलैच्या पाण्यानं नेल्या.

बाहेर बोर्ड आहे, 'सर्व वयोगट सेवा केंद्र'; म्हातारी नि पोरं दिवसभर सांभाळायची जागा. ते नाव कुणाच्या जिभेवर बसलं नाही. गोठण हे नाव हरणाच्या थोरल्या भावानं, अर्जुनानं ठेवलेलं. सारा जन्म मेंढरांमागं गेलेला माणूस. पहिल्याच आठवड्यात म्हातारी माणसं नि पोरं एका जागी बसलेली बघून म्हणाला होता, "ही तर गोठणच की. दुपारचं चरून आल्यावानी बसल्यात सगळी." तो रात्रीसुद्धा इथंच, खिडकीखालच्या कोपऱ्यात घोंगडी टाकून निजायचा.

प्रांजल त्या कोपऱ्यात झाडू मारायला गेली. म्हटलं, "तिथं राहू दे."

"का हो आक्का?"

"ओल आहे तिथं."

ओल कसली, कोरडं ठणठणीत होतं.

दुपारी हे आले. हातात दुधाची किटली. दाराबाहेर रांगेत उभं राहावं तसे उभे. म्हटलं, "आवं, हे काय?"

"दूध घालायला आलोय. मापाडी कुठं गेला?"

प्रांजल हसली, मीही हसले. आमचे फौजेतले हवालदार पहिल्यापासून चेष्टेखोर. म्हटलं, "म्हशी इकून नऊ वर्सं झाली. आता काय सोताचं दूध घालताय व्हय?" तेही हसले, पण जरा उशिरानं. किटली रिकामीच होती.

बुधवार, २ फेब्रुवारी

हजेरीची जुनी वही सापडली. माळ्यावर होती म्हणून पुरातून वाचली. कडा कसरीनं खाल्ल्या आहेत.

गोठणीत हजेरी जोडीनं घ्यायची. एक म्हातारं, एक पोर. म्हाताऱ्याचं नाव पुकारलं की पोरानं ओ द्यायची, पोराचं पुकारलं की म्हाताऱ्यानं. ही रीतही अर्जुनाचीच. म्हणायचा, "कळपात कोकरू मोजायचं न्हाई, त्याच्या आईला इचारायचं. येकमेकावर ध्यान ठिवलं की कुनी हरवत न्हाई." त्याची जोडी शिवांजली. तेव्हा तीन वर्षांची होती. ती त्याच्या मांडीवर, आणि तिच्या तोंडात त्याच्या मुंडाशाचं टोक.

प्रांजलनं वही चाळली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "आक्का, सगळीकडं 'हाय' काय लिहिलंय? हाय-हॅलोमधलं हाय?"

"अगं, हाय म्हंजे हाय. आहे."

"मग 'हजर' लिहायचं ना."

"हजर तर कोर्टात आरोपीबी असतो. हाय म्हंजे जित्ता हाय, बसलाय, जेवलाय, औषध घेतलंय. सगळं आलं त्यात."

ती हसली, पण नव्या रजिस्टरला 'हजर' आणि 'गैरहजर' असेच रकाने छापून येणार आहेत. म्हणून मीही आताशा ह्या वहीत 'आहे' लिहायची सवय करते आहे. हात अडखळतो.

शेवटचं पान बघितलं. सोमवार, २३ मार्च २०२०. माझी एक खोड होती. सोमवारी सकाळी घाई व्हायची, म्हणून शनिवारी संध्याकाळीच मी सोमवारचं पान भरून ठेवायची. सगळी रोज यायचीच, चुकायला होतं कोण? बावीस नावं, बावीस हाय. त्या सोमवारी गोठणीत चिटपाखरू नव्हतं. कुलूप होतं.

दुसऱ्या ओळीत, अर्जुना, हाय.

त्या सोमवारी दुपारी तो कुठं होता ते मला ठाऊक आहे. वही मिटली.

शनिवार, ५ फेब्रुवारी

जेवताना हे म्हणाले, "अर्जुना आला का?"

ह्या आठवड्यात चौथ्यांदा. म्हटलं, "मुद्दाम इचारताय न्हवं?"

"मुद्दाम कशाला? पंधरा दिस म्हनलो हुतो त्याला."

दोन वर्षं अधूनमधून विचारत होते, आणि आता गोठण उघडायच्या तोंडावर रोज चिमटे. मी ताट उचलून आत गेले. मागून म्हणतात, "मीठ कमी हाय." मीठ बरोबर होतं.

शुक्रवार, ११ फेब्रुवारी

दोन दिवस घरोघर फिरले. अकरा म्हाताऱ्यांपैकी चौघं नाहीत. तीन दुसऱ्या लाटेत गेले, एका दमात, महिनाभराच्या आत. चौथा अर्जुना. पोरांतली सहा शाळेला लागली. यादीवर काट मारायला प्रांजलनं लाल पेन दिलं. तिघांच्या नावावर मारली. चौथ्या नावाशी पेन सुकलं म्हणून सांगितलं.

लीलाबाई ऐंशीच्या पुढच्या. मला दारात बघून म्हणाल्या, "आलीस व्हय? म्या म्हनलं यमच आला, उरलंसुरलं येचायला."

"यम न्हाई आत्या, हजेरीवाली हाय."

"मग लाव माझी. दात गेलं, कान गेलं, बाकी हाय."

घराबाहेर पडेपर्यंत हसले. मग अंकिताकडं गेले, शिवांजलीच्या आईकडं. पोरगी ताडमाड वाढली आहे, पाच वर्षांची. अंकिता म्हणाली, "जूनपातर धाडते तिला, मग पैलीला जाईल. पर आक्का, ती अर्जुनाबाबाचं अजून इचारती. म्या सांगितलंय, गावाला गेलाय म्हनून."

पोरगी लगेच म्हणाली, "मेंढरं घेऊन येनार हाय."

मी तिच्या हातावर पेपरमिंटची गोळी ठेवली आणि उठले. चहा टाकलेला होता, तोही घेतला नाही.

बुधवार, १६ फेब्रुवारी

आज जीव टांगणीला लागला. सकाळी नऊला "दाढी करून येतो" म्हणून हे गेले ते दीड वाजला तरी पत्ता नाही. न्हाव्याकडं नाहीत, पारावर नाहीत. दोनला हंबीररावांच्या मोटारसायकलवर बसून आले. आष्ट्याच्या एसटी स्टँडवर सापडले म्हणे. एसटीचा संप चालू आहे, तीन महिने स्टँडवर गाडी फिरकत नाही, आणि हा बहाद्दर एकटा बाकावर बसलेला. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "जतची गाडी लागली की आवाज द्या."

म्हटलं, "पत्त्याचा डाव रंगला आसंल, आता गाडीचं नाव सांगा."

हंबीरराव हळू आवाजात म्हणाले, "आक्का, हवालदारांचा शर्ट उलटा हाय."

"घाईत घातला आसंल."

ते चहा न घेता गेले. मी मात्र मनात म्हटलं, चार किलोमीटर चालत गेले की! ह्या वयात कोण जातं? पाय अजून परेडचे आहेत. संध्याकाळी त्यांच्या टाचांना तेल चोळलं. म्हणाले, "तुमचे लय उपकार झाले." मी म्हटलं, "चेष्टा पुरे."

सोमवार, २१ फेब्रुवारी

प्रांजलशी भांडले. ती चुना कालवत होती, मी चटया उन्हात टाकत होते. मध्येच म्हणाली, "आक्का, काकांना एकदा मिरजेला दाखवूया का? विसरायचे डॉक्टर असतात तिथं."

"इसरत्यात कुठं? पलटणीतला नंबर झोपेत इचार, सांगत्यात. एकाहत्तरच्या लढाईत कुठल्या दिवशी काय खाल्लं ते सांगत्यात."

"जुनं राहतं हो. काल मला तीनदा नाव विचारलं त्यांनी."

"तुझं नावच तसं. जिभेला वळत न्हाई."

"आणि अर्जुना आला का म्हणून—"

मग माझा तोल गेला. म्हटलं, "तू गोठण बघ, माझं घर नगं बघू." ती पुन्हा चुना कालवायला लागली. कानाच्या पाळीला चुना लागलेला, तोही पुसला नाही.

दुपारी तिच्या डब्यात दोन धपाटी टाकली, वर दही. बोलली नाही, खाल्ली मात्र. पोरीचं चांगलं आहे, राग पोटावर काढत नाही. पण तिला काय सांगू? ते विसरलेले नाहीत. उलट तेवढं एकच धरून बसले आहेत, माझ्या नाकासमोर धरायला.

शुक्रवार, २५ फेब्रुवारी

मायाचा निरोप आला, प्रांजलच्या फोनवर. प्रांजलनं वाचून दाखवला आणि मग माझ्याकडं न बघता फोन माझ्या हातात दिला. मी पुन्हा वाचला, अक्षर अक्षर लावून:

"आक्काआजी, आजी तुमची सगळी पत्रं घेते. वाचून दाखवू का म्हटलं की नको म्हणते. अर्जुनाआजोबांच्या घोंगडीत गुंडाळून पेटीत ठेवली आहेत. पहिलं तेवढं वाचून घेतलं होतं. तेव्हा म्हणाली, तिला खरं लिहायचं असेल तर एका पत्रात मावेल. पुढची कशाला येतील?"

हरणा कधी शाळेची पायरी चढली नाही. माणूस मात्र पहिल्या ओळीत वाचते.

आज काही खाल्लं नाही. साखर वर गेली असेल, जाऊ दे.

गुरुवार, ३ मार्च

चार दिवसांवर आलं. वहीला तरी सांगून टाकते.

सातही पत्रांत मी एकच लिहिलं आहे. पंचायतीनं हुकूम काढला, हरणा, माझा इलाज नव्हता. हुकूम होता हे खरं. पण तो हॉलला कुलूप लावायचा होता. अर्जुनाला गावाबाहेर काढायचा नव्हता.

त्याला खोकला होता. तो मी बघते तेव्हापासून होता, चिलमीचा खोकला. पण तालुक्यात पेशंट सापडले तसा त्याच्या प्रत्येक ठसक्याला मी पदर नाकाला लावायला लागले. हरणा तिकडं लेकीच्या ऑपरेशनपायी मिरजेला दवाखान्यात अडकलेली. रविवारी हे म्हणाले, "त्याला आपल्या पडवीत घिऊ. दोन बाजा टाकू."

"तुमाला काय झालं तर?"

"झालं तर दोगांला हुईल. येकमेकाला सोबत."

मी ऐकलं नाही. म्हटलं, "तो ऱ्हायला तर मी ह्या घरात ऱ्हात न्हाई." पन्नास वर्षांत नवऱ्याला असं कधी बोलले नव्हते. फौजेतला माणूस, खाली मान घालून बसला.

सोमवारी सकाळी मीच अर्जुनाचं बोचकं बांधलं. सहा भाकरी, ठेचा, कांदे. तो भांडला असता तर बरं झालं असतं. घोंगडी खांद्यावर टाकली आणि एवढंच विचारलं, "आक्का, शिवांजलीची हाजरी कोन देनार?"

म्हटलं, "पंधरा दिसांचा सवाल हाय."

ह्यांनी त्याला द्राक्षाच्या रिकाम्या टेम्पोत बसवलं. टेम्पो हलला तरी फळीला धरून चालत होते. ओरडले, "पंधरा दिसांनी स्टँडवर ये रं! म्या हाय तितं घ्यायला!"

टेम्पोवाल्यानं त्याला कवठेमहांकाळच्या चौकात उतरवलं. पुढं नाकाबंदी. तिथून जतच्या पलीकडं त्याची वाडी. दोन दिवस चालला, मार्चच्या उन्हात. वाडीनं त्याला मेंढवाड्यात ठेवला, वेशीबाहेर. माया लांबून भाकरी ठेवायची. रामनवमीच्या आधी गेला. मायाला ताप नाही की शिंक नाही. वाडीत कुणालाच काही झालं नाही. हरणा मिरजेहून पोचली तेव्हा राखसुद्धा वाऱ्यानं गेलेली.

माझा नवरा वाचावा म्हणून मी हरणाचा भाऊ घालवला. नवरा वाचला. पडवीत बसून शेंगा फोडतोय, इथून दिसतोय. शेंगा टाकतोय ताटात, टरफलं खातोय.

आत्ता हे शेवटचं वाक्य लिहिलं, मग उठून बघितलं. खरंच टरफलं खात होते. ताट काढून घेतलं. म्हणाले, "मीठ कमी हाय."

सोमवार, ७ मार्च

गोठण उघडली.

हॉल पांढरा झाला आहे. प्रांजलनं पुराच्या रेघांवरूनही चुना मारला. हंबीररावांनी नारळ फोडला. सात म्हातारी, पाच पोरं. लीलाबाई नवं लुगडं नेसून आल्या आणि आल्या आल्या म्हणाल्या, "माझा कोपरा कुनी पळीवला?" आमटी सोसायटीच्या स्वयंपाकीणबाईनं केली, पातळ झाली. पोरांनी पुन्हा मागितली, तेव्हा हरणाची आठवण येऊन मी चुलीकडं बघितलंच नाही.

ह्यांना आज बरोबर आणलं होतं. घरी कुलूप लावून जावं असं वाटलं, पण ते जिवावर आलं. इस्त्रीचा शर्ट घातला, बटणं मीच लावली. मागं खुर्चीवर बसवलं.

हजेरी. नवं छापील रजिस्टर प्रांजलच्या मांडीवर. मी म्हटलं, पहिली मी तोंडानं घेते. "लीलाबाई!" त्यांच्या जोडीची पोर लाजून आईच्या पदराआड गेली, तर लीलाबाईच ओरडल्या, "हाय! तिच्या वतीनं माझी मीच हाय!" सगळे हसले. मीही हसत होते, आणि हसता हसता जीभ जुन्या वाटेला लागली. दुसरी ओळ.

"अर्जुना!"

म्हणून गेले आणि हात तोंडावर गेला.

शिवांजली उठून उभी राहिली. रीत मोडायची नसते हे तिला तीन वर्षांची असल्यापासून ठाऊक. "हाय!" खणखणीत. मग खिडकीखालच्या कोपऱ्याकडं बघितलं, आणि पुन्हा, जरा हळू, "हाय?"

मागं खुर्ची सरकली.

"आला का?" हे उठले होते. असं तोंड मी त्यांचं लग्नात बघितलं असेल, नाही तर लढाईवरून परत आले तेव्हा. "आला? म्या म्हनलंच हुतं. कुठाय?" म्हाताऱ्यांच्या मधून वाट काढत कोपऱ्यात गेले. तिथं उभे राहिले. भिंतीला हात लावून बघितला. चुना हाताला लागला, तो बघत राहिले. मग वळून माझ्याकडं आले. अगदी जवळ, आणि आवाज लहान करून, परक्या बाईशी बोलावं तसे अदबीनं म्हणाले,

"बाई, आमच्या अर्जुनाला बगितलं का तुमी? असला तर हितंच ऱ्हाऊ द्या. मंगलला सांगू नका. ती त्याला धाडून दील."

मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. त्यात चेष्टा नव्हती. टोचणी नव्हती. राग नव्हता. मी नव्हते.

दोन वर्षं मला वाटत होतं ते मला विचारतात. ते मला विचारतच नव्हते. ते स्टँडवरच होते, पंधराव्या दिवसापासून.

शिवांजली आली आणि तिनं त्यांचं बोट धरलं. "बाबा गावाला गेलाय. तुमी बसा हितं." त्यांना त्या कोपऱ्यात बसवलं आणि स्वतः मांडीवर जाऊन बसली. पाच वर्षांची, मांडीत मावत नाही आता. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, सवयीचा असल्यासारखा.

प्रांजलनं रजिस्टर माझ्याकडं सरकवलं. पेन उघडून दिलं. मी लिहिलं. ओळ दुसरी, नाव ह्यांचं, लालासाहेब. जोडी, शिवांजली. प्रांजलनं हळूच विचारलं, "आक्का, काकांची कोण देणार?"

पोरीनं तिथूनच ओ दिली. छापलेल्या 'हजर'वर रेघ मारून मी वर लिहिलं, हाय.

मंगळवार, ८ मार्च

एरवी आधी वहीत लिहिते, मग पाकिटात. आज उलटं केलं. सकाळी आधी पत्र लिहिलं, पोस्टात टाकून आले, आणि आता आठवेल तसं इथं उतरवते. खाडाखोड नाही.

"हरणा, ह्या पत्रात कुणाच्या तब्येती इचारत न्हाई. सात पत्रं मी खोटं लिहिलं. पंचायतीनं अर्जुनाला घालवला न्हाई. मी घालवला. हे ठेवून घ्यायला तयार होते, मी ठेवून दिलं न्हाई. मला भ्या वाटलं, ह्यांना काय हुईल म्हणून. बोचकं मी बांधलं. जाताना त्यानं एवढंच इचारलं की शिवांजलीची हजेरी कोण देणार. ते तुला कुणी सांगितलं नसंल, म्हणून लिहिते. ते तुझं हाय, तुझ्याकडं असू दे.

ये म्हणायचं माझं तोंड न्हाई. गोठण उघडली, आमटी पातळ होती, सगळ्यांनी तुझं नाव काढलं.

आता एक गोष्ट तूच सांगू शकतीस. ह्यांना आता मी वळखू येत न्हाई, कधी येते, कधी न्हाई. पण अर्जुना ध्यानात हाय. रोज इचारतात, आला का. मी दोन वर्सं राग करत हुते. आता काय सांगू? गावाला गेलाय म्हणू, की गेला म्हणू? गेला म्हटलं तर रोज नव्यानं जाईल. येतोय म्हटलं तर रोज स्टँडवर जाऊन बसतील. प्रांजल म्हणते मिरजेला न्या, पुढल्या सोमवारी नेते. पण डॉक्टरला हे ठाऊक नसणार. भाऊ तुझा हाय. त्याच्याबद्दल काय सांगायचं ते तुझ्या तोंडचं असावं. शिव्या द्यायच्या असतील तर त्याबी दे, मायाला लिहायला सांग, मी लावून लावून वाचीन.

चार ओळी धाड. दोन धाड. पण लवकर धाड, हरणा. ह्यांच्या ध्यानात अर्जुना हाय तवर लिही."